फ्रेडरिक डग्लसची छायाचित्रे

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १८१८ च्या सुमारास फ्रेडरिक बेलीचा जन्म झाला. त्याची आई हॅरिएट गुलाम होती, म्हणून तोही जन्मतःच गुलाम ठरला. गुलामाच्या मुलाची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? आईला दूरच्या मळ्यावर कामाला धाडले होते. दिवसभर राबून ती कित्येक कोस चालत रात्री येई, लेकराला कुशीत निजवी आणि पहाटेपूर्वी परत जाई. अशा भेटी चारपाचच घडल्या. फ्रेडरिक सातएक वर्षांचा असताना ती वारली. तिची तसबीर कोठून असणार! पुढे मोठेपणी एका ग्रंथात त्याला प्राचीन मिसर देशाच्या राजाचे चित्र दिसले. त्या मुद्रेत त्याला आईचा भास झाला आणि ते चित्र तो पुन्हा पुन्हा पाही.

बाल्टिमोर शहरी मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. पण धन्याने ते तत्काळ बंद पाडले. तेव्हा रस्त्यावरील गोऱ्या मुलांना पाव देऊन तो त्यांच्याकडून वाचावयास शिकला.

३ सप्टेंबर १८३८ रोजी तो खलाशाच्या वेषात आगगाडीत बसला. खिशात एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाचा उसना परवाना होता. त्या काळी परवान्यावर छायाचित्र नसे, धारकाचे वर्णन असे. आणि ते वर्णन फ्रेडरिकशी जुळत नव्हते. तपासनिसाने कागदावरील गरुडाची मुद्रा तेवढी पाहिली व तो पुढे गेला. दुसऱ्या दिवशी फ्रेडरिक न्यूयॉर्कला पोहोचला. पुढे नाव बदलून तो फ्रेडरिक डग्लस झाला.

लवकरच गुलामगिरीविरुद्ध बोलणारा थोर वक्ता म्हणून डग्लस यांची ख्याती झाली. पळालेल्या गुलामांना पकडण्यासाठी तेव्हा पत्रके व जाहिराती निघत. गाठोडे घेऊन पळणाऱ्या माणसाचा ठरीव ठसा त्यांवर छापलेला असे. पळालेला कोणीही असो, चित्र तेच. गोरे चित्रकार कृष्णवर्णीयांना बहुधा हास्यास्पद रेखाटीत. एका पुस्तकात तर खुद्द डग्लस यांची मुद्रा सौम्य व प्रसन्न दाखविली होती. जो माणूस चाबूक खाऊन आला, त्याच्या मुखावर असे समाधान कोठून येणार? १८४९ साली डग्लस यांनी आपल्या वृत्तपत्रात त्याबद्दल जाहीर तक्रार केली.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याची नवी रीत जाहीर झाली होती. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशच चित्र उमटवी. प्रकाश काळा-गोरा भेद करीत नाही, हे डग्लस यांनी ओळखले. १८४१ च्या सुमारास ते प्रथम छायाचित्रासाठी बसले आणि मग जन्मभर बसत राहिले. उत्तम कोट, नीट बांधलेला गळपट्टा, रोखलेली नजर. हसू जवळजवळ कधीच नाही. पुढे कागदावर स्वस्त प्रती निघू लागल्या. ज्यांनी कृष्णवर्णीय माणूस केवळ पत्रकावरील ठशात पाहिला होता, त्यांच्या हाती आता हा चेहरा आला. १८६१ साली यादवी युद्ध पेटले असताना डग्लस यांनी बॉस्टनमध्ये व्याख्यान दिले, तेही चित्रांवर! युद्धाच्या दिवसांत हा विषय श्रोत्यांना थोडा विचित्रच वाटला असेल.

१८६३ साली कृष्णवर्णीयांना सैन्यात बोलावणारी मोठ्या अक्षरांची भित्तिपत्रके लागली. त्यांवर आवाहन करणाऱ्यांत डग्लस यांचे नाव होते. त्यांचे पुत्र लुईस व चार्ल्स हेही भरती झाले. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. ती नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांनाच जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला.

मताचा हक्क आणि समान वागणूक यांसाठी डग्लस पुढेही झगडत राहिले. त्यांची सुमारे १६० निरनिराळी छायाचित्रे आज ज्ञात आहेत. अध्यक्ष लिंकन यांचीही इतकी नाहीत. १८९४ साली काढलेल्या एका छायाचित्रात पांढऱ्या केसांचे डग्लस बसले आहेत आणि शेजारी त्यांचा नातू जोसेफ हाती व्हायोलिन घेऊन उभा आहे. पुढच्या वर्षी, २० फेब्रुवारी रोजी, स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या सभेहून घरी परतल्यावर डग्लस यांचे वॉशिंग्टन येथे निधन झाले.