छिंदवाड्याचे कॉर्बेट सर

जिम कॉर्बेट म्हटले की नरभक्षक वाघ आठवतात. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली होती. १९०७ मध्ये कॉर्बेट यांनी तिला टिपले. रुद्रप्रयागच्या बिबट्याने केदारनाथ-बद्रीनाथची वाट आठ वर्षे दहशतीखाली ठेवली. १९२६ मध्ये तोही त्यांच्याच गोळीने पडला. या गोष्टी अनेकांनी मराठी अनुवादातून वाचल्या असतील. मला मात्र कॉर्बेट शिकारी म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून जास्त आवडतात. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी सैन्याने त्यांना लेफ्टनंट कर्नल केले ते लढण्यासाठी नाही, शिकवण्यासाठी. आणि तेही आपल्या शेजारी, छिंदवाड्याला. माझे आजोळ सौंसरचे. आता सौंसर पांढुर्णा जिल्ह्यात गेले, पण तेव्हा ते छिंदवाडा जिल्ह्यातच होते. तरी आजोळी ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते वारले. हिवाळ्यात सगळे कुटुंब डोंगर उतरून कालाढुंगीला राहायला येई, आणि घराबाहेर पडले की जंगलच. त्या वयात जिमला एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक मिळाली. तिची एक नळी फुटलेली होती. या बंदुकीबद्दल त्याचे पहिले अभिनंदन केले ते कुंवरसिंग यांनी.

कुंवरसिंग जवळच्या गावचे ठाकूर आणि मुखिया. शिवाय त्या भागातले अव्वल नंबरचे चोरटे शिकारी! कोणत्याही शाळेने त्यांना मास्तर म्हणून ठेवले नसते. पण जंगलात वाट कशी चुकू नये, आवाज नेमका कुठून आला हे कसे ओळखावे, संकटात झाडावर झटपट कसे चढावे, हे जिमला त्यांनीच शिकवले. नेम धरणे त्यानंतरचे. पुढे कुंवरसिंग अफूच्या व्यसनात सापडून मरणाला टेकले, तेव्हा त्यांना त्यातून बाहेर काढायला हाच विद्यार्थी धावून गेला.

कॉर्बेट रेल्वेत लागले आणि गंगेकाठी मोकामा घाटावर वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी मालाची चढ-उतार सांभाळली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ते कुमाऊँची पाचशे माणसे घेऊन फ्रान्सला गेले. त्यांतला एकच माणूस दगावला. नरभक्षकांच्या आकड्यांपेक्षा मला हा आकडा मोठा वाटतो.

आता छिंदवाडा. १९४२ मध्ये जपानी सैन्याने ब्रह्मदेश घेतला. आपल्या फौजा रस्ता धरून लढत होत्या आणि जपानी तुकड्या जंगलातून वळसा घालून मागे येऊन बसत होत्या. सैनिक शूर होते, पण रान त्यांना परके होते. पंजाबच्या सपाटीवर वाढलेल्या जवानाला रात्रीचे दाट जंगल म्हणजे दुसरा शत्रूच. म्हणून १४ व्या भारतीय डिव्हिजनचे प्रशिक्षण डिव्हिजन करून ती छिंदवाड्याच्या जंगलात ठेवण्यात आली. १९४४ मध्ये कॉर्बेट तिथे आले. त्याआधी टिक टायफसच्या मोठ्या आजाराने ते पार खचले होते. तरी शिकवण्यापूर्वी ते स्वतः ब्रह्मदेशात जाऊन तिथले जंगल पाहून आले. आमचे ड्रिलचे उस्ताद आधी स्वतः करून दाखवतात आणि मग आमच्याकडून करून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

त्यांनी काय शिकवले? जंगलात दिशा कशी धरावी, पाणी कुठे मिळेल, कोणते कंद आणि फळे खाण्याजोगी. मुख्य म्हणजे जंगल वाचायचे कसे. धुळीतल्या ठशावरून रात्रीच्या किड्यांच्या रेघा गेल्या असतील, तर ठसा किड्यांच्या आधीचा. दबलेले गवत अजून सावरत असेल, तर जाणारा फार लांब गेलेला नाही. वानर खोकले, चितळ ओरडले, की काहीतरी हलते आहे. ते काहीतरी वाघच असेल असे नाही. बंदूकधारी माणूसही असू शकतो. ज्याला हे कळते तो आधी पाहतो, आणि जो आधी पाहतो तो वाचतो.

त्यांचे वाऱ्याचे गणित तर मी दोनदा कागदावर काढून पाहिले. कॉर्बेट यांच्या मते वाघाला माणसाचा वास फारसा येत नाही, पण माणसाला आपला वास येतो अशी त्याची समजूत असते. म्हणून नरभक्षक वारा स्वतःच्या तोंडावर घेत दबकत येतो. म्हणजे आपल्या तोंडावर वारा असेल तर धोका पाठीशी. मग कॉर्बेट सरळ चालतच नसत. नागमोडी जात, वारा कधी डाव्या गालावर, कधी उजव्या. पाठीमागचा धोका अशा रीतीने बाजूला आणला की तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो.

आमच्या नवा रायपुरात जंगल सफारी आहे. तिथे बंद गाडीतून वाघ दिसतो, माग काढावा लागत नाही. पण इथून दक्षिणेला कांकेरमध्ये २००५ पासून जंगलयुद्धाचे कॉलेज आहे आणि पोलीस जवान तिथे रानात राहून शिकतात. छिंदवाड्याचा वर्ग अजून भरतोच आहे, असे मला त्यामुळे वाटते.

कॉर्बेट यांनी आधी हौसेसाठीही शिकार केली, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा घेतला आणि वाघांच्या फिल्म काढल्या. १९३६ मध्ये झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी खटपट केली. त्याच उद्यानाला १९५७ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. ते पाहायला ते नव्हते. १९४७ मध्ये ते बहीण मॅगीसह केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे वारले. तिथे असताना, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी भारतातल्या आपल्या साध्यासुध्या माणसांवर एक पुस्तक लिहिले. ते १९५२ मध्ये निघाले. त्यातले एक अख्खे प्रकरण कुंवरसिंग यांच्यावर आहे.