१५० वर्षांपूर्वी मुंबईत उन्हावर पंप चालवणारे विल्यम ॲडम्स

रात्री लाइन येणार म्हणून अंधारात ओलिताला जायचं, हे राळेगावच्या शेतकऱ्याला नवं नाही. त्यावरचा उपाय म्हणजे सौर पंप. पण उन्हावर पंप चालवण्याचा प्रयोग मुंबईत १८७०च्या दशकातच झाला होता. तो केला मुंबई हायकोर्टातले इंग्रज डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांनी.

तेव्हा कोळसा विलायतेहून यायचा, महाग पडायचा. फ्रान्सच्या ऑगस्टिन मूशो यांनी उन्हावर वाफ तयार केली होती, पण त्यांचा चांदीचा मुलामा दिलेला आरसा खर्चिक होता. ॲडम्स यांनी काचेचे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून सगळं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि कुलाब्यात अडीच हॉर्सपॉवरचा वाफेचा पंप चालवला. आरशांच्या चुलीवर सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजवलं. १८७८ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. पुढे कोळसा आणि तेलाच्या जमान्यात हे सगळं मागे पडलं.

आजच्या पॅनलला बॉयलर लागत नाही. सिलिकॉनवर ऊन पडलं की थेट वीज तयार होते. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौर क्षमता १०० गिगावॅटपुढे गेली. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५ टक्केच रक्कम भरावी लागते. बाकी अनुदान.