भाभांच्या अणुविजेचा हिशेब

मुंबईत ३० ऑक्टोबर १९०९ रोजी जन्मलेले डॉ. होमी भाभा केंब्रिजमध्ये विश्वकिरणांच्या अभ्यासाने नावारूपाला आले. टाटा मूलभूत संशोधन संस्था, अणुऊर्जा आयोग, १९५६ ची 'अप्सरा' अणुभट्टी हे त्यांचे कार्य सर्वज्ञात आहे. त्यांनी मांडलेला खर्चाचा हिशेब मात्र फारसा कोणी आठवत नाही.

बिहार-बंगालचा कोळसा रेल्वेने पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणायचा तर भाडेच भारी पडते. अणुइंधन वजनाला नगण्य. तेव्हा खाणींपासून दूरच्या प्रदेशात अणुवीज कोळशाच्या विजेशी दरात टक्कर देईल, असे भाभांचे प्रतिपादन होते. अणुभट्टी उभारण्यास प्रचंड भांडवल लागते आणि गरीब देशात भांडवलच दुर्मीळ, असा आक्षेप ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आय. एम. डी. लिटल यांनी १९५८ मध्ये घेतला. हा आक्षेप वजनदार होता, असेच म्हणावे लागेल. भाभा बधले नाहीत. तारापूरचा करार त्यांच्याच कारकिर्दीत, १९६४ मध्ये झाला.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले. तारापूरची वीज त्यानंतर, १९६९ मध्ये मिळू लागली. १९८० पर्यंत ८,००० मेगावॉट अणुवीज हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्या वर्षी देशाची क्षमता १,००० मेगावॉटपर्यंतही पोहोचली नव्हती.