शेतातलं तण बागेत आणणारा पाद्री: शर्ली पॉपीची गोष्ट

पॉपी म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती अफू, नाहीतर खसखस. पण ही गोष्ट तिच्या एका रानटी बहिणीची. युरोपात गव्हाच्या शेतात लालभडक फुलांचं तण उगवतं, पाकळ्यांच्या बुडाशी काळा डाग असलेलं. शेतकरी त्याला वैतागलेला असायचा.

तर १८८० मध्ये झालं असं, की लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडनजवळच्या शर्ली गावच्या चर्चचे पाद्री विल्यम विल्क्स यांना आपल्या बागेत एक वेगळं फूल दिसलं. बागेचा हा पडीक कोपरा शेताला लागून होता आणि तिथे ही रानपॉपी माजली होती. त्या सगळ्या लाल फुलांत एकाच फुलाच्या पाकळ्यांना बारीक पांढरी कड होती.

कोपरा साफ करून मोकळं होता आलं असतं. विल्क्सनी त्या फुलावर खूण केली आणि फक्त त्याचंच बी राखलं. पुढच्या वर्षी त्यातून सुमारे दोनशे रोपं आली. पांढरी कड होती चार-पाच रोपांवर!

इथे एक अडचण समजून घ्यायला हवी. या पॉपीला स्वतःच्या परागांनी बी धरत नाही; मधमाशी दुसऱ्या झाडाचे पराग आणते. म्हणजे शेजारी साधी लाल पॉपी उभी असेल, तर तिचे गुण पुन्हा बियाण्यात शिरणारच. त्यामुळे उत्तम झाडांचंच बी ठेवणं आणि बाकीची बिनदिक्कत उपटणं, हे काम वर्षानुवर्षं चाललं. पांढरेपणा वाढत गेला, गुलाबी छटा आल्या, शेवटी शुभ्र फूलही मिळालं. मग त्यांनी मधल्या काळ्या रंगाकडे मोर्चा वळवला. तो घालवून फुलाचा गाभा पिवळा-पांढरा करणं हे त्याहून चिवट काम होतं, पण तेही जमलं. काळा डाग असलेली पॉपी त्यांच्या लेखी खरी शर्ली नव्हेच.

एवढ्या मेहनतीचं बी विल्क्सनी फुकट वाटलं. मागेल त्याला.

१८८८ ते १९२० अशी बत्तीस वर्षं ते रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे सचिव होते. आले तेव्हा संस्था पैशांच्या अडचणीत होती. १९०३ मध्ये सोसायटीला विस्लीची प्रसिद्ध बाग मिळाली, तीही त्यांच्याच काळात.

शर्ली पॉपी आपल्याकडेही हिवाळी फुलांत लावतात. बी अगदी बारीक असतं, म्हणून वाळूत मिसळून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थेट जागेवर किंवा मोठ्या कुंडीत पेरायचं. सोटमूळ दुखावलं तर रोप सहसा तग धरत नाही, त्यामुळे उपटून दुसरीकडे लावू नये. दाट उगवलेली रोपं मात्र विरळ करायची.

१९२३ मध्ये विल्क्स गेले. त्यांच्या आठवणीसाठी विस्लीच्या बागेला लोखंडी फाटक बसवलं. त्याच्या नक्षीत पॉपीची फुलं आहेत.