टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

टिळकांची गोष्ट बुलढाण्यातल्या आपल्या मुलांना पाठ असते, त्यांना जामीन कुणी दिला हे मात्र घरात क्वचितच सांगितलं जातं.

बद्रुद्दीन तय्यबजी 1844 मध्ये मुंबईत जन्मले, 1867 मध्ये शहरातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. 1883 च्या इल्बर्ट विधेयकाने गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी न्यायाधीशापुढे चालणार होता. तेवढ्यावरून गोऱ्यांनी देशभर गदारोळ केला. तय्यबजी विधेयकाच्या बाजूने उभे राहिले.

1895 मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1897 मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. आधी नाकारलेला जामीन तय्यबजींनी दिला. पुढे दुसऱ्या, गोऱ्या न्यायाधीशापुढे खटला चालला. ज्युरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. सहा जणांनी दोषी ठरवलं, तिघांनी निर्दोष! टिळकांना दीड वर्षाची सजा झाली.

तय्यबजींचा इंतकाल 1906 मध्ये लंडनला झाला.