विश्लेषण : डार्विन यांचा स्वतःच्या स्मरणशक्तीवर भरवसा का नव्हता?

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विन (१८०९-१८८२) यांना स्वतःची एक खोड ठाऊक होती. आपल्या मताला पूरक गोष्टी लक्षात राहतात, विरोधातल्या पटकन विसरल्या जातात. म्हणून मताविरुद्ध जाणारे काहीही दिसले की ते लगेच टिपून ठेवत. १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आल्यावर घेतल्या गेलेल्या बहुतेक आक्षेपांचा विचार त्यामुळे आधीच झालेला होता.

माणसांच्या वागण्याची अशी वही कोण ठेवतो? १८७६ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, कुटुंबासाठी आठवणी लिहिताना खरी परीक्षा झाली. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे यापलीकडे लक्ष नसलेला हा मुलगा घराण्याला बट्टा लावेल, असे वडील एकदा बोलले होते. डार्विन यांनी ते लिहिले. पण वडील अतिशय प्रेमळ होते, तेव्हा रागात असावेत, हेही लगेच जोडले.

‘बीगल’ जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांच्यावर राग धरायला तर जास्तच कारण होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरीवरून दोघांचे भांडण झाले आणि कप्तानाने एकत्र राहायलाच नकार दिला. पुढे १८६० मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत फिट्झरॉय त्यांच्या पुस्तकाविरुद्ध बोलले. तरीही त्या भांडणानंतर काही तासांतच कप्तानाने माफी मागितली होती, हे डार्विन यांनी नोंदवले. १८६५ मध्येच वारलेले फिट्झरॉय ते सांगायला येणार नव्हते.

प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्याबाबत मात्र हे जमले नाही. त्यांच्या वैरामागे मत्सर होता, असे डार्विन यांनी लिहून टाकले. १८८७ मध्ये आत्मचरित्र छापले गेले ते काही खटकणारा मजकूर गाळून. पूर्ण आवृत्ती नात नोरा बार्लो यांनी १९५८ मध्ये आणली.