रॉबर्ट नॉइस यांचे चरित्र

आपल्या शाळेच्या संगणकात सिलिकनची एक चिमुकली चकती असते. तिला चिप म्हणतात. ती शोधून काढण्याचा मान ज्या दोघांना दिला जातो, त्यांपैकी एक रॉबर्ट नॉइस होत. इंटेल या विख्यात कंपनीचेही ते एक संस्थापक. त्यांच्या चरित्रात विद्यार्थी, पालक व आम्ही शिक्षक या सर्वांनी मनन करावा असा एक प्रसंग आहे. म्हणून ते येथे थोडक्यात देत आहोत.

नॉइस यांचा जन्म १२ डिसेंबर १९२७ रोजी अमेरिकेतील आयोवा संस्थानात बर्लिंग्टन येथे झाला. वडील काँग्रिगेशनल पंथाचे पाळक होते. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या पाठीशी प्रामुख्याने याच पंथाच्या मंडळ्या होत्या. घरी संपत्ती बेताची, पण विद्येची आवड मोठी. चार भावांत रॉबर्ट तिसरे. बाराव्या वर्षी त्यांनी भावाच्या मदतीने माणूस पेलणारे विमान बनविले व छपरावरून त्यात बसून झेप घेतली!

पुढे ग्रिनेल कॉलेजात शिकत असता, १९४८ साली, त्यांच्या हातून एक गंभीर अपराध घडला. वसतिगृहात मेजवानी होती. तीसाठी त्यांनी एका सोबत्यासह जवळच्या शेतातून डुकराचे पिल्लू चोरले. दुसऱ्या दिवशी मन खाऊ लागले, तेव्हा दोघे आपण होऊन शेतकऱ्याकडे गेले, चोरी कबूल केली आणि किंमत देऊ केली. परंतु त्या शेतीप्रधान मुलखात जनावराची चोरी हा मोठा गुन्हा मानला जाई. तुरुंग आणि कायमची बडतर्फी ही दोन्ही संकटे पुढे उभी राहिली. अशा वेळी पदार्थविज्ञानाचे अध्यापक ग्रँट गेल यांनी आपल्या शिष्याची बाजू घेतली. अखेर खटला टळला व एका सत्रापुरते कॉलेजातून दूर राहण्याची शिक्षा झाली. ती भोगून नॉइस परत आले आणि १९४९ साली पदवीधर झाले.

बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर निर्माण झाला होता. गेल यांनी या नव्या शोधाची गोडी नॉइस यांना लावली. १९५३ साली मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रशास्त्र संस्थेची डॉक्टरेट मिळवून १९५६ साली ते कॅलिफोर्नियात शॉकली यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथील कारभारास कंटाळून १९५७ साली आठ जण बाहेर पडले व त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी काढली.

त्या काळी प्रत्येक ट्रान्झिस्टर वेगळा बनवून तारांनी हातांनी जोडावा लागे. जोड वाढले की चुकाही वाढत. १९५८ साली जॅक किल्बी यांनी सर्व भाग एकाच तुकड्यावर बसवून दाखविले, पण त्यांना जोडणाऱ्या तारा अद्याप सुट्याच होत्या. १९५९ साली नॉइस यांनी सहकारी जाँ हर्नी यांच्या पद्धतीचा आधार घेऊन चकतीवरच धातूच्या रेषा उमटविण्याची युक्ती काढली. त्यामुळे चिप कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनविणे शक्य झाले.

१९६८ साली नॉइस व गॉर्डन मूर यांनी इंटेल स्थापिली. १९७१ साली या कंपनीने ४००४ नावाची चिप विक्रीस आणली. तीत सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि गणकयंत्राची सारी विचारशक्ती त्या एका तुकड्यात सामावली होती. ती हॉफ, फॅजिन, मेझर व शिमा यांनी घडविली. इंटेलमध्ये नॉइस साध्या मेजावर बसून काम करीत. अधिकाऱ्यांसाठी मोटारीची राखीव जागासुद्धा तेथे नव्हती.

३ जून १९९० रोजी ऑस्टिन येथे हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. पुढे २००० साली किल्बी यांना नोबेल पारितोषिक मिळाले; ते घेण्यास नॉइस हयात नव्हते. ज्या ग्रिनेल कॉलेजातून त्यांना काही काळ घालवून देण्यात आले होते, त्याच्या विश्वस्त मंडळावर त्यांनी पुढे काम केले. आज तेथील विज्ञानमंदिरास त्यांचेच नाव आहे.

गेल यांनी अपराधावर पांघरूण घातले नाही. शिष्याला शिक्षा होऊ दिली, परंतु परतीचे दार बंद होऊ दिले नाही. उधळ्या पुत्राचा दृष्टांत आम्ही वर्गात दरसाल शिकवितो. मात्र एखादा मुलगा खरोखर चुकतो, तेव्हा तो आम्हांस आठवतो काय? विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवावे की, क्षमेचा मार्ग कबुलीपासून सुरू होतो. शेतकऱ्याच्या दारी नॉइस आपल्या पायांनी गेले होते.